तीजेला तुलसा नाचली नाही

भावना दोन्ही हातांनी ओढत होती आणि तुलसाने ओट्याचा खांब सोडला नव्हता.

"ऊठ ना दिदी! बस्नेतांच्या थोरलीसारखी गिरकी अख्ख्या डोंगरात कुणाला येत नाही म्हणतात, आणि तू म्हातारीसारखी ओट्यावर!"

"गुडघा धरलाय."

"मागच्या तीजेला कंबर धरली होती. त्याच्या आधी ताप. पुढच्या वर्षी काय धरणार, दात?"

अंगणातल्या लाल साड्या खदखदून हसल्या. मादलाची ढोलकी वाजवणारी शेजारीण हात न थांबवता ओरडली, "ओढ, ओढ! खांबासकट आण तिला!"

तुलसाही हसली, पण उठली नाही. शालीची घडी तिने मांडीखाली नीट सरकवली आणि डाव्या अंगावर भार टाकून पुन्हा बसली. तीज म्हणजे माहेर आणि माहेर म्हणजे नाच. सासरी वर्षभर गिळलेलं सगळं या दोन दिवसांत पायातून बाहेर काढायचं, हे शेहेचाळीस वर्षांच्या तुलसाला कुणी सांगायला नको होतं. पण तिसऱ्या गिरकीला काय होतं, तेही तिला ठाऊक होतं. अंदाजाने नव्हे. तिने करून पाहिलं होतं.

करून पाहण्याची खोड तिला लहानपणापासूनची. बाबांचा रेडिओ बोलतो कसा, ते बघायला तिने तो सुरीने उघडला होता आणि सणसणीत मार खाल्ला होता. सानूच्या जन्मानंतर बाराव्या दिवशी ती पायाने दाबायच्या ढिकीवर भात कांडायला उभी राहिली आणि दोन पायांमधून काहीतरी खाली सरकलं. तेव्हासुद्धा रडू येण्याआधी तिच्या मनात आलं होतं, हे असेल तरी काय?

त्याला आता सतरा वर्षं झाली. आधी ते फक्त संध्याकाळी यायचं आणि आडवं पडलं की आपोआप आत जायचं. मग लिंबाएवढं झालं, हाताने सारावं लागू लागलं. एकदा घरात कुणी नसताना तिने टिकल्यांचा आरसा जमिनीवर ठेवून ते पाहिलंही होतं. गुलाबी, ओलसर, मधोमध बारीकसं छिद्र. किळस नाही आली, नवल वाटलं. आपल्याच अंगातलं, आणि आपलीच ओळखदेख नाही! त्या दिवसापासून ती त्याच्यावर नजर ठेवून होती. पोट साफ नसलं की जास्त येतं. चुलीच्या धुराने खोकला लागला की जास्त. गवताची पाटी पाठीवर घेऊन चढण चढलं की लगेच. लघवी अडली तर बोटाने वर सारल्यावर मोकळी होते. हे सगळं तिला पाठ होतं. पण ते का होतं, आणि त्यावर काही आहे का, हे विचारायला माणूस नव्हतं.

नवऱ्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. डंबर कतारला होता. तीन वर्षांपूर्वी दोन महिन्यांच्या रजेवर आला, तेव्हा ती रोज पाठदुखीचं निमित्त करून सानूपाशी निजली. तो पंधरा दिवस आधीच परत गेला. तेव्हापासून फोन आखूड झाले. गेल्या आठवड्यात म्हणाला होता, "दसैंच्या सणाला येतोय. आलो की एकदा समोरासमोर बसू. तुझ्या मनात काय आहे, ते मला कळलं पाहिजे." आणि सासूने त्याच संध्याकाळी, सुनेच्या कानावर जाईल अशा बेताने, शेजारच्या कुणीतरी दुसरी बायको केल्याची गोष्ट काढली होती.

मादल थांबलं, बायका पाणी प्यायला पांगल्या. त्यांची आई, आमा, सोलायच्या लसणाची परात घेऊन ओट्यावर टेकली. हिरामती बस्नेत सत्तरीची झाली होती, पण जीभ अजून कोयत्यासारखी. भावना तिच्या शेजारी सरकली. ही धाकटी काठमांडूहून आली की पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्या कागाळ्या गोळा करायची.

"आमा, वहिनी परत बाजारात गेली होती?"

"न जाऊन सांगते कुणाला! दर तीन महिन्यांनी. सकाळी जाते, दुपार ढळल्यावर येते. बरोबर कुणाला नेत नाही. विचारलं तर म्हणे काम होतं." आमाने लसणाचं साल जोरात झटकलं. "आणि इथे गवताची पाटी कोण वाहतं? माझा लेक. बायको धडधाकट असताना पुरुषाच्या कपाळावर पाटी टांगायच्या नाम्ल्याचा वळ! गावातल्या बायका मला विचारतात, तुमची सून लोण्याची आहे का म्हणून."

"तू विचार, दिदी," भावना म्हणाली. "तू थोरली. बाबांच्या तेराव्याला तू एकदा बोललीस तेव्हा कशी गप्प झाली होती."

बाबांच्या तेराव्याला तुलसा सगळ्या भाऊबंदांदेखत म्हणाली होती, 'या घरची सून तांदळाचं पोतंसुद्धा ढकलून नेते, उचलत नाही.' भावजय रेणुकाने तेव्हा मान वर केली नव्हती. ते तुलसाला आठवलं. आज आठवताना ते चांगलं वाटलं नाही, पण ती उठली. बाजाराचं कोडं तिलाही पडलं होतंच.

स्वयंपाकघरात रेणुका कढईपुढे बसून सेलरोट्या तळत होती. हातातल्या वाटीने पीठ गोल फिरवत ती तुपात सोडायची, की कडं फुलून वर यायचं. तुलसा दारालगत टेकली. कसं काढावं, याचा विचार करत होती, तेवढ्यात रेणुकाच मागे न बघता म्हणाली, "दिदी, त्या बांबूच्या मुढ्यावर नका बसू, टोचेल. ती उशी घ्या."

"मला काय टोचतंय?"

"सकाळपासून बघतेय. तुम्ही नेहमी एका अंगावर बसता. उठताना आधी हात तिथे नेता, मग उठता." रेणुकाने सळईने कडं उलटवलं. "किती वर्षं झाली अंग उतरून?"

तुलसाची कानशिलं तापली. सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला नाव दिलं होतं.

"अंग उतरणं म्हणतात याला?"

"आपल्याकडे असंच म्हणतात. म्हणतात म्हणजे, म्हणत कुणी नाहीच."

"तुला कसं माहीत?"

रेणुकाने कढई खाली उतरवली, हात पुसले आणि कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडून कापडात गुंडाळलेलं काहीतरी तुलसाच्या हातात ठेवलं. पांढरट, गुळगुळीत, बोटाएवढ्या जाडीचं कडं.

"माझी पहिली रिंग. लहान पडायला लागली म्हणून सिस्टरने मोठी बसवली. ही टाकून द्यायचं जिवावर आलं."

तुलसाने ते कडं दाबून बघितलं. दुमडलं, सोडलं, ते टुणकन पुन्हा गोल झालं. वास घेतला. उजेडात धरलं.

"हे आत राहतं? सारखं? टोचत नाही? चालताना? आणि लघवीला?"

"नीट बसलं तर आहे हेसुद्धा आठवत नाही. दर तीन महिन्यांनी काढून धुवायचं. आत कुठे जखम झालीय का, ते सिस्टर बघते. तेवढ्यासाठी मी बाजारात जाते." रेणुका पहिल्यांदाच हसली. "तुम्हाला काय वाटलं, कुणाला भेटायला जाते?"

"भावनाला वाटलं," तुलसा घाईने म्हणाली, आणि मग खरं बोलली. "मलाही वाटलं."

रेणुकाने उरलेलं सांगितलं ते पीठ ढवळत ढवळत. मुलगा झाला त्याच्या पाचव्या दिवशी आमाने गवताला पाठवलं. परतीच्या चढणीवर पाठीवरची पाटी टाकून ती तिथेच बसली होती. तुलसाचा भाऊ केशव शोधत आला. पुढे चार वर्षांपूर्वी बाजारात बायकांसाठी तपासणी शिबिर लागलं, तिथेही त्यानेच नेलं, आणि त्या दिवसापासून नाम्लो त्याने स्वतःच्या कपाळाला लावला.

"आमाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? की तुमच्यामुळे झालं?"

तुलसा कडं हातात फिरवत बसली.

ऊन उतरल्यावर केशवने बहिणींना दराचं जेवण वाढलं. तूप घातलेली खीर, बोकडाचं मटण, सेलरोट्या. उद्याच्या निर्जळी उपासाआधी माहेरच्या हातचं पोटभर जेवण. त्याने भावनाच्या ताटात मटणाचा आणखी एक तुकडा टाकला, तर ती म्हणाली, "दादा, कपाळावरचा वळ बघ जरा आरशात. हमाल दिसायला लागलास."

"दिसू दे. कपाळ माझं आहे," केशव म्हणाला आणि पातेलं ठेवून बाहेर गेला.

"बघितलंस आमा? बायकोच्या मुठीत पार! वहिनी, आज सांगूनच टाक. बाजारात तुझं असं काय..."

"भावना, जेव गप्प," तुलसा म्हणाली.

भावनाने घास तसाच धरून बहिणीकडे बघितलं. दुपारी हीच तर आपल्या बाजूने उठून गेली होती!

"तिचं अंग उतरलंय," तुलसा म्हणाली. "माझंही. मी गुडघ्यामुळे नाचत नाही असं नाही. ती बाजारात सिस्टरकडे जाऊन आत आधाराचं कडं बसवून घेते, मी लपून बसते, एवढाच आमच्यात फरक." मग आमाकडे वळली. "बाळंतपणाच्या पाचव्या दिवशी तू तिला गवताला पाठवलं होतंस."

रेणुका मान खाली घालून भाताची शितं वेचत होती. आमाचा चेहरा आधी ताठ झाला, मग हळूहळू सैल पडत गेला.

"पाचव्या दिवसाचं काय मोठं सांगतेस," ती शेवटी म्हणाली. "मला तिसऱ्या दिवशी पाठवलं होतं. लाकडांना."

"मग?"

"मग काय? केशवच्या वेळचं आहे ते. चाळीसच्या वर वर्षं झाली. चिंधीचा गोळा करून कोंबते आणि कामाला लागते. ही भावना झाली तीही त्यातूनच."

भावनाच्या हातातला घास ताटात पडला.

"मला वाटायचं, सगळ्याच बायकांचं असतं," आमा म्हणाली. "केस पिकतात तसं. त्यात सांगायचं काय?" ती सुनेकडे वळली. माफीचा शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही. तो तिच्याकडे नव्हताच. पण म्हणाली, "ते कडं कुठाय? दाखव इकडे."

खिरीची वाटी बाजूला झाली आणि रिंग या हातातून त्या हातात फिरली. आमाने ती बोटात घालून बघितली, डोळ्यापुढे धरून तिच्यातून सुनेकडे बघितलं. "एवढंसं! आणि मी आख्खं धोतर फाडलं ह्यापायी."

"मला दोन मुलं आहेत," भावना हळूच म्हणाली. तिचा काठमांडूचा तोरा कुठल्या कुठे गेला होता. "शिंकताना कधीकधी थेंब गळतात. मलाही होणार का वहिनी?"

"होईलच असं नाही. पोट साफ ठेवायचं, जड उचलायचं नाही, आणि आवळायचं."

"काय आवळायचं?"

"चारचौघांत वारा सुटायला आला की कशी अडवतो? तसं. आत आणि वर ओढायचं. पोट, मांड्या ढिल्या. श्वास चालू. दहा मोजायचे, सोडायचं, पुन्हा. अंग फार खाली आलं असेल तर एवढ्याने वर जात नाही, पण सुरुवातीचं सावरतं. माझं तर रिंगेबरोबर हेही चालू असतं."

"आत्ता करून बघू?" तुलसा म्हणाली.

चौघी ताटांपुढे ताठ बसल्या. रेणुका मोजू लागली. चारपर्यंत सगळं गंभीर चाललं होतं. सहाला भावनाचे गाल फुगले. आमाने तर डोळे मिटून असा चेहरा केला होता, जणू देवळात बसलीय. तेवढ्यात केशव पाण्याचा तांब्या घेऊन दारात आला.

"काय झालं? सगळ्या गप्प का? भांडलात?"

"थांब रे मेल्या," आमा डोळे न उघडता म्हणाली, "आठ झालेत."

भावना आधी फुटली, मग सगळ्याच. रेणुका इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले, आणि नंतरही ती पुसतच राहिली. आमाने तिच्या ताटात आपल्या ताटातली सेलरोटी ठेवली.

दुसरा दिवस उपासाचा. देवळाच्या आवारात गाव नाचलं, तुलसा सगळ्यांच्या चपला राखत बसली. बाजारातल्या आरोग्य चौकीतली सिस्टरही त्या दिवशी उपाशी, लाल साडीत, नाचणाऱ्यांत होती. रेणुकाने तिला गाठून उद्याचं विचारून घेतलं.

चतुर्थीला सकाळी पारणं करून तिघी निघाल्या. आमा 'मी नाही येत' म्हणाली होती, पण फाट्यावर पोहोचल्या तर छत्री घेऊन मागून येत होती. "तुम्हाला रस्त्यात पाऊस लागेल म्हणून," ती म्हणाली. आकाश निळंभोर होतं.

निर्माया राई सिस्टर लहानखुरी, बोलायला मोकळी. तिने पडदा ओढला, हात धुतले आणि तुलसाला खोकायला लावून तपासलं. तुलसाने छताकडे बघत सतरा वर्षांचे प्रश्न एकामागून एक विचारले. ते छिद्र कसलं? जिथून मूल येतं ते तोंड. म्हणजे मी बघितलं ती पिशवीच? पिशवीचं तोंड, आणि वर तिला चिकटलेली लघवीची पिशवीही थोडी ओघळलीय, म्हणून लघवी अडते. पण आतापर्यंत पडलं कसं नाही खाली?

"तुम्ही पाटी विणता?" सिस्टरने विचारलं.

"पाच वर्षांची असल्यापासून."

"मग तुम्हालाच जास्त कळेल. पिशवी वरून पट्ट्यांनी टांगलेली असते, नाम्ल्याला भार टांगतो तशी. आणि खालून मांसाची वीण तिला तोलून धरते. बाळंतपणात ती वीण ताणते. सहा-आठ आठवडे आराम मिळाला तर बरीचशी पुन्हा आवळते. त्याच्या आतच भार घातला तर?"

"ओल्या बांबूच्या पाटीत दगड भरल्यासारखं," तुलसा म्हणाली. "तळ बसतो. मग किती वाळवा, ती पहिल्यासारखी होत नाही."

सिस्टरने मान डोलावली. "हे मी आता दुसऱ्यांना सांगणार."

पहिली रिंग बसवून तिने तुलसाला चालायला, उकिडवं बसायला, खोकायला लावलं. दुसऱ्याच खोकल्याला ती सुटून खाली आली. तुलसाचा चेहरा उतरला. "असंच असतं," सिस्टर म्हणाली, "चपलेसारखं. लहान असली तर निसटते, मोठी असली तर काचते." दुसरी राहिली. तुलसा अंगणात तीन फेऱ्या मारून आली, उकिडवी बसली, उठली, लघवीला जाऊन आली. हात सवयीने खाली गेला. तिथे काही नव्हतं.

"दुखलं, रक्त गेलं, घाण वास आला किंवा लघवी अडली, तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच यायचं," सिस्टरने बजावलं.

आमाला मात्र रिंग मिळाली नाही. चिंधीने घासून घासून अंगाला जखम झाली होती. आधी ती भरू द्यायची, मलम लावायचं, मग जिल्ह्याच्या इस्पितळात दाखवायचं. बहुतेक ऑपरेशनच करावं लागेल.

"सत्तराव्या वर्षी? लोक म्हणतील म्हातारीला हौस आलीय."

"तुमच्याहून मोठ्या बायकांचंही करतात, आमा. तपासून, तब्येत बघून."

"बघू," आमा म्हणाली, आणि छत्री काखेत मारून परतीच्या वाटेला लागली. चढणीवर रेणुकाने छत्री घ्यायला हात पुढे केला, तर आमाने छत्री दिली नाही, हात धरला. "जखम भरेपर्यंत मलम कोण लावणार? मला दिसत नाही तिथलं."

"मी लावीन," रेणुका म्हणाली.

तुलसा मागे थांबली होती. फाट्यावरच्या कठड्यावर फोनला रेंज यायची. ती कठड्यावर बसली, दोन्ही अंगांवर सारखा भार टाकून, आणि कतारला फोन लावला. डंबरची ड्यूटी नुकतीच संपली होती.

"काय झालं? तू या वेळी?"

"सानूचे बाबा, दसैंपर्यंत थांबवत नाही. आत्ताच सांगते. मध्ये बोलू नका, नाहीतर पुन्हा जीभ अडेल." आणि तिने सांगितलं. ढिकी, सतरा वर्षं, लिंबू, आरसा, सानूपाशी निजणं, आज बसवलेली रिंग. सांगून संपलं तेव्हा पलीकडे फक्त गाड्यांचा आवाज येत होता.

"ऐकताय ना?"

"म्हणजे..." डंबर म्हणाला. "तुला माझा कंटाळा आला नव्हता?"

तीन वर्षं त्या माणसाने परक्या मुलुखात हेच उशाला घेऊन झोप काढली होती.

"नाही हो," ती म्हणाली. "कधीच नाही."

पलीकडे त्याने नाक ओढलं. मग म्हणाला, "दुखतं?"

"आता नाही."

"ती रिंग असते कशाची? रबराची? रोज काढायची का? तू गवत आणायचं नाहीस आता, सांगून ठेवतो. आईशी मी बोलतो. आणि आपल्याला, म्हणजे, ती असताना... चालतं का गं?"

तुलसाने आजूबाजूला बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं. तरी तिने पदर तोंडावर घेतला.

"सगळं फोनवरच विचारणार का?" ती म्हणाली. "आधी घरी या."